माडीचं रुखवत

शिंदे की छावनी, लष्कर, ग्वाल्हेर
११ ऑक्टोबर २०२५

चि. सुश्रुत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

डबा उघडायच्या आधी पत्र वाचायचं, हा आईचा नियम तू आजवर एकदाही पाळला नाहीस. तेव्हा आत्ताही तोंडात चकली असणारच. असू दे. यंदाची भाजणी भगिनी मंडळाच्या मंदाताईंनी स्वतः दळून आणली आहे, 'आपल्या सुश्रुतसाठी' म्हणून. करंज्या तळाशी आहेत, डबा उलटा करू नकोस.

भाऊबीजेला येणार नाहीस, हे तू मला न सांगता ह्यांना सांगितलंस. मेहुण्याच्या आड कधीपासून लपायला लागलास? नौबत कोठीचं काम संपत आलंय, तुझ्यामागे धावपळ आहे, सगळं मान्य. रागावले नाही. ओवाळणी मात्र सोडणार नाही. कोठीचं हॉटेल करायचं काम तुला मिळालं त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू उलटाच कारभार केलास. ओवाळून घेतलंस आणि माझ्याचकडून कोठीमागच्या माडीची किल्ली घेऊन गेलास. पाटावर बसून म्हणालास, "ताई, कोठी वाचवायची असेल तर सगळी रिकामी करावी लागेल. मंडळाचं सामान तेवढं हलव. काम झालं की माडी जशीच्या तशी परत देतो. किल्ली याच ताटात आणून टाकतो." ते ताट मी अजून राखून ठेवलंय. आत्ता त्यात शंकरपाळी निवताहेत, ही गोष्ट वेगळी.

आता बातमी. नौबत कोठीच्या हॉटेलचे मॅनेजर संग्रामसिंह परवा आपल्या घरी आले होते. आपल्या घरी म्हणजे भगिनी मंडळात. माडी सोडल्यापासून मंडळ माझ्या जेवणाच्या टेबलाशी भरतं आणि ह्यांना चहा प्यायला टोपी बाजारात जावं लागतं. संग्रामसिंह म्हणाले, "मॅडम, सुना है आप लोग शादी में बिस्किट के बंगले बनाती हैं. हमें पूरी कोठी बनवानी है, जिंजरब्रेड की. क्रिसमस पे उद्घाटन है, लॉबी में रखेंगे." बाहेरदेशी नाताळात असं सुंठ घातलेल्या बिस्किटांचं घर करतात म्हणे. मंदाताईंना मी कानाशी जाऊन सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रुखवतच की. आणि नवरा कोण?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण मग मंडळातली विनिता म्हणाली, "काकू, दुल्हन आपणच ना! आपणच तर परत जाणार माडीवर."  या माडीवर आपल्या आईनं मंडळ सुरू केलं. लष्करातल्या किती मुलींची रुखवतं तिथे झाली. पुण्याला, नागपूरला, इंदूरला दिलेल्या मुली अजून फोन करून विचारतात, माडी कधी उघडणार? मी सांगते, माझ्या भावाच्या हातात आहे, उघडेल. बाकीच्यांनी सामान हलवलं ते तुझ्या नव्हे, माझ्या शब्दावर. हे विसरू नकोस म्हणून लिहीत नाही, सहज लिहिते.

काम घेतलं आहे. आत कुणाला सोडत नाहीत, चारही बाजूंनी पत्रे ठोकलेत. तेव्हा नकाशे पाठव. मागची बाजू विसरू नकोस. आमच्या दृष्टीनं तीच पुढची.

तुझी
ताई

१६ नोव्हेंबर

चि. सुशू यास अ. आ.

नकाशे मिळाले. विनितानं मोठे छापून आणले. फोन उचलला असतास तर आणखी बरं वाटलं असतं. इतक्यांदा लावला की आता मोबाईल स्वतःच तुझं नाव पुढे करतो.

मंडळाचं चांगलंच रणांगण झालंय. पहिली भिंत भट्टीतून पापडासारखी वाकून आली. आपण लहानपणी नानकटाईची ताटं डोक्यावरून न्यायचो, त्याच बेकरीत भाजतो आहोत. दुसरी भिंत जळली. तिसरी जमली, तेव्हा मंदाताईंनी तिची दृष्ट काढली. काकवी इथे कुठली मिळायला, दाल बाजारातून गूळ आणून पातळ केला. सुंठ, लवंग, दालचिनी. सगळ्या गल्लीला वाटतंय की आमच्याकडे कुणी बाळंतीण आली आहे.

भांडण झालं ते अंड्यावरून. विनिता म्हणाली, "काकू, व्हिडिओत अंड्याचा सफेद भागच घेतात. उसके बिना चिपकेगा ही नहीं." मंदाताई म्हणाल्या, "आमच्याकडे मटण शिजतं गं, अंड्याचं मला काय कौतुक. पण रुखवतात अंडं पडत नाही. पाक कर. गोळीबंद पाकानं चिकटवलेलं माझं रुखवत रेल्वेनं नागपूरपर्यंत गेलंय. एक भिंत हलली नाही." तेव्हा पाकच. माझ्या दोन बोटांना फोड आले आहेत, पण भिंत खरोखरच हलत नाही.

गच्चीला तिळाची गजक लावली. ग्वाल्हेरच्या दगडाचा रंग गजकेइतका दुसऱ्या कशाला जमत नाही, हे आधी कसं कुणाला सुचलं नाही? जाळ्या मंदाताई पेनाच्या टोपणानं पाडतात. माडीच्या जाळ्या त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिल्या नाहीत. कोपऱ्यातली एक जाळी फुटकी होती, आई तिथे बोळा कोंबायची, ती त्यांनी फुटकीच केली. जिना मात्र नकाशाहून थोडा चौडा करायला लावला. म्हणाल्या, "मंजू, आता माझे गुडघे ते नाहीत."

एक गंमत सांगते. विनिता टेबलाचं माप घ्यायला हॉटेलच्या ऑफिसात गेली होती. तिथला कुणी माणूस तिला म्हणाला, पीछे तो लिफ्ट लगी है. ती घाबरून माझ्याकडे आली. मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, तो नवा माणूस, त्याला पुढची बाजू कुठली नि मागची कुठली हे तरी ठाऊक आहे का? सुश्रुतनं पाठवलेल्या नकाशात माडी आहे, जिना आहे, जाळ्या आहेत. तो माझा भाऊ आहे, त्यानं शब्द दिलाय.  मंदाताईंना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच.

लिफ्ट दुसरीकडे कुठे असेल ना? एका ओळीत कळव. फोन नको, नुसतं 'हो' लिही.

ताई

१८ डिसेंबर

चि. सुश्रुत यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. 'हो ताई, बघतो.' मी कशाचं हो समजायचं ते समजले.

कोठी तयार आहे. चौघीजणी उचलून दारातून तिरकी बाहेर काढणार. बाकी सगळ्या खिडक्यांना लिमलेटच्या गोळ्या वितळवून काचा केल्या, पण आत दिवा लावला तो फक्त माडीत. छोटासा पिवळा. आई संध्याकाळी लावायची तसा. मंडळात ठराव झाला म्हण हवं तर.

पंचवीस तारखेला सगळ्या नऊवारी नेसून येणार आहेत. मंदाताई नारळ आणि हळद-कुंकू बरोबर घेणार. मागच्या जिन्यानं चढायचं, उंबऱ्याशी नारळ वाढवायचा, मग आत जायचं, असं त्यांनी ठरवलंय. सतरंजी धुऊन वाळवून ठेवली आहे. तेव्हा किल्ली विसरू नकोस. हिरव्या खणाच्या चिंधीत बांधलेली होती, आठवत असेल.

मला उगाचच झोप नीट लागत नाही. पाकाच्या वासानं असेल.

ताई

२७ डिसेंबर

श्री. सुश्रुत शरच्चंद्र पोतनीस यांस,
सा. न. वि. वि.

वर 'चि.' लिहिणार होते, झालं नाही. तुम्ही मोठे वास्तुविशारद आहात, तुम्हाला असंच लिहायला हवं.

जमत नाही. 'तुम्ही'सुद्धा जमत नाही. तू असा परका झाला असतास तर एवढं लागलंच नसतं.

सुश्रुत, तू मला फसवलंस.

परवा लॉबीत तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. तुझ्या कोटाची कॉलर मागे दुमडली होती आणि मी ती सरळ करणार होते. लॉबीतले दिवे मंद केले, आमच्या कोठीतला दिवा लागला आणि सगळी माणसं 'अरे वाह' म्हणाली. मला आई आठवली. मला तुझा अभिमान वाटला. हे मुद्दाम लिहिते आहे, तुला कळायला हवं की त्या क्षणापर्यंत मला तुझा अभिमानच वाटत होता.

मग ते प्रमुख पाहुणे वाकले. म्हणाले, "और ये पीछे वाला कमरा? इसमें तो बत्ती जल रही है. भई, ये तो हमें दिखाइए."

तू हसलास. अगदी सहज हसलास. आणि म्हणालास, "सर, वो तो इन बहनों की कल्पना है. थोडी क्रिएटिव्ह लिबर्टी ली है इन्होंने."

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या. आणि तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला ओळखीची आहे. शाळेत खोटी सही करून आणायचास आणि आईसमोर मी बोलू नये म्हणून असंच बघायचास. मी तेव्हा बोलत नसे. परवाही बोलले नाही. माझी वाचाच बसली होती, ते तू तुझ्या बाजूचं समजलास.

मंदाताईंना कमी ऐकू येतं, तुला माहीत आहे. सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून त्यांनीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही त्यांच्या चालूच होत्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय बोलला गं आपला सुश्रुत? मंडळाचं नाव घेतलं ना?"

मी म्हटलं, "हो. घेतलं."

तू फोटोंसाठी पुढे गेलास. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मंदाताईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला, आता आपलं काम." मी म्हटलं, आज नको, गर्दी आहे, नंतर येऊ. माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या बागेच्या बाजूनं निघाल्या, मागून सगळ्याजणी, नऊवारी सावरत. विनितानं माझा हात धरला होता. ती ऐकून होती सगळं.

मागे भिंत होती.

तुझं काम चांगलं आहे, यात वाद नाही. जिना जिथे भिंतीला मिळायचा तिथे खूणसुद्धा ठेवली नाहीस. जुन्यासारखाच चुना, जुन्यासारखाच रंग. माडीच्या जागी काचेची लिफ्ट वर जाते. मंदाताई त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. भिंतीवर हात ठेवला, मग जरा पुढे सरकून तिथे ठेवला. मग मला म्हणाल्या, "मंजू, आपण चुकीच्या बाजूला तर नाही ना आलो?"

उभा जन्म तो जिना चढलेली बाई मला हे विचारत होती.  शेवटी विनिता त्यांच्या कानाशी गेली. "नाही काकू. यही है."

लिफ्टपाशी गणवेशातला माणूस होता. त्यानं अदबीनं विचारलं, "माताजी, कौन सा फ्लोर?" मंदाताईंनी पिशवीतून नारळ काढला आणि त्याच्या हातात दिला. "ले लो बेटा. नारळ वापस नहीं ले जाते. तुम्हारी नई जगह है." तो बिचारा गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मंदाताई रिक्षात बसेपर्यंत सरळ चालल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "सुनंदाचा मुलगा." एवढंच. आपल्या आईचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत असं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच फार झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या नेहमीसारख्या माझ्याकडे आल्या. डबे आवरले, साचे धुतले. जाताना एकीनं म्हटलं, "ताई, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं." ते असं म्हटलं की त्यात प्रश्नचिन्ह होतं की नव्हतं, तेच मला कळेना.

उत्तर दे.

मंजिरी

३० डिसेंबर

सुश्रुत,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ह्यांनाही ऐकवला. मग एकटीनं पुन्हा ऐकला.

लिफ्टशिवाय हॉटेल चालवायला कुणी तयार नव्हतं. लिफ्टला दुसरी जागा नव्हती. हॉटेल आलं नसतं तर कोठी पडली असती. असेल. मला त्यातलं कळत नाही, तू म्हणतोस तर खरं असेल. पण पुढे तू म्हणालास, "तुला सांगितलं असतं तर तू मंडळाला सांगितलं असतंस, आणि त्यांनी माडी सोडली नसती."

म्हणजे भाऊबीजेच्या पाटावर बसलास तेव्हाच तुला ठाऊक होतं. किल्ली मागितलीस तेव्हा माडी पाडायची हे ठरलेलं होतं. मी तुला ओवाळत होते आणि तू मनात भिंत घालत होतास.

मंडळाकडे जागेचा कागद नव्हता, होतं ते फक्त कुलूप. कुलूप उघडून देणारी बहीण तुला हवी होती. बाकी कुणी मागितली असती तर मंदाताईंनी मला किल्ली देऊ दिली नसती. माझा भाऊ म्हणून देऊ दिली.

आणि नकाशे? ते कामाआधीचे होते, हे तू आता सांगतोस. नवे पाठवले असते तर भिंत दिसली असती, म्हणून जुने पाठवलेस. आमची बोटं भाजत होती, मंदाताई चष्म्यावर चष्मा लावून टोपणानं जाळ्या पाडत होत्या आणि तुला ठाऊक होतं की ती खोली आता फक्त बिस्किटाची आहे. एका फोननं थांबवता आलं असतं. मी विचारलंसुद्धा होतं. 'हो ताई, बघतो' लिहिलंस.

आणखी एक गोष्ट, जी तुला कधीच कळणार नाही. मंदाताईंचे गुडघे इतके गेलेत की तू येऊन विचारलं असतंस, 'काकू, जिना काढून लिफ्ट घातली तर चालेल का, वर एक खोली मंडळाला देतो,' तर एखादे वेळी मंडळानंच तुझ्या तोंडात पेढा घातला असता. तू विचारलंच नाहीस. आमच्याकडून नकार येणार हे तूच ठरवलंस आणि तूच त्याच्यावर उपाय केलास.

मेसेजच्या शेवटी म्हणतोस, "ताई, समजून घे." आजवर तेच केलं. आता होत नाही.

मंजिरी

४ जानेवारी २०२६

सुश्रुत,

हा डबा हलका लागेल. फराळ नाही. उघडायच्या आधी पत्र वाच. या वेळी तरी.

एक तारखेला सकाळी संग्रामसिंहांचा फोन आला. जिंजरब्रेडचं घर नव्या वर्षात मोडून खायचं अशी रीत असते, दुपारी पाहुण्यांच्या मुलांच्या हातात लाकडी हातोड्या देणार आहेत, आपण सगळ्यांनी यावं. मी आभार मानून नाही म्हणणार होते. मंदाताई टेबलाशीच बसल्या होत्या. त्या मंडळात येतात, पण पंचवीस तारखेपासून कानातलं यंत्र लावत नाहीत. म्हणतात, ऐकण्यासारखं काही राहिलं नाही. मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"रुखवत आपल्या हातानं मोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण लग्न मोडलं की मुलीकडचे रुखवत परत आणतात. त्यात लाजायचं काय? चला."

आम्ही गेलो. साध्या साड्यांत. विनितानं पोळपाटाएवढी परात घेतली होती आणि मी ब्रेड कापायची सुरी. लॉबीत मुलं हातोड्या घेऊन रांगेत उभी होती. त्यांना म्हटलं, दोन मिनट रुको बेटा. विनितानं काडेपेटी काढली, मेणबत्ती पेटवली आणि मी सुरी तापवून माडी जिथे कोठीला चिकटवली होती तिथे लावली. गोळीबंद पाक आहे, लवकर सुटतो का? मंदाताईंनी खालून हात दिला होता. पाक पुन्हा पुन्हा धरत होता, मी पुन्हा पुन्हा सुरी तापवत होते. 

संग्रामसिंह धावत आले. "मॅडम, ये क्या कर रही हैं आप? ये तो हमारे… ये तो पूरी बिल्डिंग का…"

मंदाताईंना ऐकू आलं नाही. पण माणूस का धावत आला हे कळायला कान लागत नाहीत. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "कुछ नहीं भैया. ये कमरा तो हमारी कल्पना है. हम अपनी कल्पना घर ले जा रहे हैं."

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं. विनितानं सांगितलं असेल, नाही तर त्या दिवशीच तुझ्या ओठांवरून वाचलं असेल. मला त्या एवढे दिवस काही बोलल्या नाहीत. त्याही मलाच सांभाळत होत्या.

संग्रामसिंह बाजूला झाले. बरा माणूस आहे, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माडी जिन्यासकट अखंड सुटली. परातीत ठेवली तेव्हा आतला दिवा तसाच होता, तार तेवढी लोंबत होती. मागे वळून बघितलं तर आमची कोठी आता हुबेहूब तुझ्या कोठीसारखी दिसत होती. मागे सपाट भिंत. एका मुलीनं विचारलं, "आंटी, अब तोडें?" मी म्हटलं, "हां बेटा, अब तोडो."

माडी मंदाताईंच्या घरी आहे, देवघराशेजारच्या स्टुलावर. मुंग्या येऊ नयेत म्हणून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. धुकं धरलं की बिस्किट जरा सादळतं, ऊन पडलं की पुन्हा कडक होतं. किती दिवस टिकेल माहीत नाही. कुणी खाणार नाही, हे नक्की. परवा मंदाताईंनी संध्याकाळी तिच्यातला दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजू, आता मंडळ इथेच भरवू. तुझ्या घरी नको." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं की कशानं, मी विचारलं नाही. ह्यांना मात्र आता घरात बसून चहा पिता येतो.

उचलताना जिन्याची खालची पायरी तुटली. तीच या डब्यात आहे. खायची की ठेवायची, तुझं तू ठरव.

आता माझं मागणं. किल्ली मंडळाची आहे. कुलूप राहिलं नाही, दार राहिलं नाही, तरी किल्ली मंडळाचीच आहे. कुरियरनं पाठवू नकोस, मी घेणार नाही. ह्यांच्याकडेही देऊ नकोस.

चौदा तारखेला मंदाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. लष्करातल्या झाडून सगळ्या बायका येतील. बायकांत पुरुषानं यायचं नसतं, पण तू ये. त्या खणाच्या चिंधीसकट किल्ली मंदाताईंच्या हातात दे आणि त्यांच्यासमोर सांग की कोठीला मागे माडी होती, तिला जिना होता आणि तो तू पाडलास. कल्पना नव्हती म्हणून सांग. त्या यंत्र लावत नाहीत, तेव्हा हळू बोलून चालणार नाही.

तिळगूळ मिळेल. पण गोड बोलू नकोस, सुश्रुत. मोठ्यानं बोल.

मंजिरी